सगळ्यांच्या लग्नातला पहिला श्लोक

दुर्गाघाटावरच्या गल्लीत ढुंढिराजपंत केळशीकरांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराच्या ओटीवर एक चटई, एक लाकडी पेटी आणि खुंटीला लटकवलेले जानव्यांचे जोड. पंत दिवसभर चटईवर बसून चातीवर सूत काढत आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत. नवख्या यात्रेकरूला वाटे, गायत्रीचा जप चाललाय, आणि तो बिचारा आदरानं वाकून पुढे जाई. गल्लीतल्या माणसांना मात्र पक्कं ठाऊक होतं की पंत कुणाच्या तरी लग्नाची मंगलाष्टकं जुळवताहेत. सूत मध्येच तुटलं की समजायचं, यमक अडलं.

काशीत मराठी घरं मोजकी, पण लग्नाची हौस पुण्याला पुरून उरेल एवढी. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पार शिंदे घाटापर्यंतच्या घरांतला असा रिवाज होता की प्रत्येक लग्नाला मंगलाष्टकं नवी हवीत. वधूवरांची नावं त्यात गुंफलेली हवीत, आणि ती रचायची पंतांनीच. पंत कोऱ्या कागदावर बोरूनं, लाल-काळ्या शाईत आठ श्लोक लिहून देत आणि बदल्यात नारळ नि पेढ्यांचा पुडा घेऊन घरी येत. पेढे शरदिनीबाई, म्हणजे त्यांची बायको, गल्लीतल्या पोरांना वाटून टाकत. पंतांना गोड चालत नसे, पण एक पेढा ते हळूच खिशात घालत. बाईंना ते माहीत होतं आणि त्या दरवेळी दुसरीकडे बघत.

आपल्या रचनांची नक्कल पंतांनी कधी ठेवली नाही. त्यांचं एक ठाम मत होतं: मंगलाष्टक हे दान, आणि दिलेल्या दानाची नक्कल कुणी घरात ठेवतं का? मत मोठं सुंदर होतं, पण त्यानं पुढे पंतांना चांगलाच घाम फोडला.

झालं असं. ब्रह्माघाटावर मराठी मंडळींचं एक छोटं वाचनालय होतं आणि तिथे बिंदुमाधव नावाचा तरुण मास्तर पुण्याहून येणारी मासिकं लावून ठेवी. एक दिवस तो मासिकच बगलेत मारून पंतांच्या ओटीवर आला. देशात स्वदेशीचे वारे वाहत होते, त्यामुळे पंतांच्या हातच्या सुताला गिऱ्हाईक वाढलं होतं. पंतांना वाटलं, हाही जानवंच मागायला आलाय.

"जानवं राहू दे काका, हे बघा. आपल्या मतलबाचं आहे," बिंदुमाधव म्हणाला आणि त्यानं जाहिरात वाचून दाखवली.

पुण्याचे कुणी नीलकंठराव ओगले 'शेवंती काव्यमाला' काढत होते. दोन खोल्यांत एकट्याचा कारभार. कुणा राजाचा आश्रय घेत नाही, कवीकडून छपाईचा खर्च मागत नाही, मला आवडेल तेच छापतो, असं त्यांनी रोखठोक लिहिलं होतं. नव्या कवींनी आपल्या कवितांचं हस्तलिखित स्वच्छ अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहून दसऱ्याच्या आत पाठवावं. कविता पूर्वी छापलेल्या नसाव्यात.

"तुमचं एक तरी अक्षर छापलंय का कुठे?" बिंदुमाधवानं विचारलं.

"छापायचं कशाला? लग्नात म्हणायचं असतं ते."

"तेच तर! पाठवा."

पंत हसले, त्याला वाटेला लावलं आणि पुन्हा चाती हातात घेतली. पण त्या दुपारी सूत इतक्या वेळा तुटलं की शरदिनीबाई आतून म्हणाल्या, "लग्नाचा हंगाम नाही नि काही नाही, कुठलं यमक अडलंय?"

पंतांनी मनातलं सांगून टाकलं. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या मांडवात आपले शब्द ऐकले, आणि ते शब्द अक्षतांबरोबर झाडूनही टाकले गेले. आता साठी जवळ आली. एकदा, एकदाच, आपलं पुस्तक हातात धरावं असं त्यांना फार वाटत होतं. सांगताना त्यांचा आवाज कापला आणि त्याचं त्यांना हसू आलं.

"मग रडताय काय? लिहून काढा आणि पाठवा," बाई म्हणाल्या.

"लिहून काढू कशावरून? नक्कल कुठाय?"

बाईंनी कपाळाला हात लावला. पण त्या हात लावून बसून राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. "कागद ज्यांच्या घरी आहेत त्यांच्याकडे जा. चोरीचा माल थोडाच मागायचाय?"

श्रावणभर पंत घरोघर फिरले. काय काय पाहावं लागलं म्हणता! एका घरी मंगलाष्टक काच लावून देवापाशी टांगलं होतं, पण शाई उडून नुसती लाल टिंबं उरली होती. एका घरी तो कागद लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधला होता. तिसरा श्लोक तेलात मुरून पारदर्शक झाला होता, तरी वाचता आला. एका यजमानांनी तर त्याचा पतंग केल्याचं कबूल केलं आणि वर म्हणाले, "काका, खूब उंच गेला होता!" पंतांनी हे कौतुक समजून घेतलं. करतात काय?

कागद गेले होते, पण बायकांना श्लोक पाठ होते. ज्या पोरीच्या लग्नात म्हटले ती आता दोन लेकरांची आई झालेली असो की आजी, स्वतःच्या नावाचे श्लोक ती विसरली नव्हती. पंत एकेकीसमोर बसून उतरवून घेत. काम छान चाललं होतं, पण चिमटीनं दाणे वेचल्यासारखं सावकाश. भाद्रपद उजाडला आणि दसरा डोळ्यांसमोर दिसू लागला.

"असे एकेक घर फिराल तर पुढचा दसरा येईल," शरदिनीबाई म्हणाल्या. "गौरीच्या हळदीकुंकवाला सगळ्या येतातच. सगळ्यांना एकदमच म्हणायला सांगते. तुम्ही दाराआड बसून उतरून घ्या."

पंत घाईनं म्हणाले, "नको, नको. एकेकीचंच बरं. गडबडीत ऐकू येणार नाही."

"का? कान गेले की काय?"

खरं कारण पंतांना सांगता येत नव्हतं. कारण असं होतं की प्रत्येक अष्टकातले सात श्लोक ते मन लावून नवे रचत, पण पहिला श्लोक सगळ्यांचा एकच होता. फक्त नाव बदललेलं. पहिल्या लग्नापासून आजतागायत, दुर्गाघाट ते शिंदे घाट, झाडून सगळ्यांना तोच. आणि हे कुणाच्या कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण मांडवात मंगलाष्टकं ऐकतं कोण? ताशे वाजत असतात, पोरं पायात घोळत असतात, बायका एकमेकींची लुगडी बघत असतात, आणि बाकीचे 'सावधान' कधी येतं नि अक्षता कधी टाकतो याच विचारात असतात. प्रत्येक नवरी मात्र आपलं अष्टक जिवाचा कान करून ऐके आणि जन्मभर जपे. हा श्लोक जगात फक्त माझ्यासाठी रचला, असं प्रत्येकीला वाटे.

गौरीच्या दिवशी माजघर बायकांनी भरलं. पंत शेजारच्या खोलीत दाराआड दौत-बोरू घेऊन बसले आणि त्यांनी आतूनच सुचवून पाहिलं, "पहिला श्लोक माझ्या ध्यानात आहे हो! सगळ्यांनी दुसऱ्यापासून सांगा!"

"वाह काका, पहिलाच तर सर्वांत सुंदर आहे!" ब्रह्माघाटावरची वेणू म्हणाली. तिचं लग्न आदल्याच वर्षी झालं होतं. तिनं पंतांना पुढे बोलूच दिलं नाही, डोळे मिटून सूर लावला:

"वेणू ती पदरात झाकुन उभी दारी दिव्याची कळी,
वारा ये नदिचा तरी न विझली ज्योती तिची कोवळी..."

पहिली ओळ संपते न संपते तोच कोपऱ्यातून सीताबाईंचा भारदस्त आवाज तिला मिळाला. सीताबाई म्हणजे गल्लीतल्या दिनानाथ वैद्यांच्या पत्नी, सुनानातवंडांच्या. त्या आपल्या तंद्रीत 'सीता ती' म्हणत होत्या. मग खिडकीपाशी कुणी 'गोदा ती' म्हणू लागलं, चुलीकडून 'कावेरी' आली. सगळ्याजणी एका सुरात, एका चालीत, नुसती नावं तेवढी एकमेकींवर आदळत होती. शेवटची ओळ तर सगळ्या माजघरानं मिळून म्हटली:

"ऐसा दीप घरात येइल तिथे अंधार राहे कसा,
राखो तो जपुनी तिला घरधनी, कुर्यात् सदा मंगलम्!"

मग बाहेर गल्लीतून जाणाऱ्या सांडाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

"हे तर माझं होतं," वेणू म्हणाली. "बिलकुल माझं!"

"तुझं कसं गं? तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून हे माझं आहे," सीताबाई कडाडल्या. "ढुंढिराजभावजी! बाहेर या आधी!"

पंत बाहेर आले. हातातल्या बोरूची शाई धोतरावर ठिबकत होती. माजघरात एकच कल्ला उठला. आमच्या दारच्या लग्नात जुना श्लोक खपवलात, आमच्या आईनं पेढे दिले ते नव्या श्लोकाचे, आणि तुम्ही एकच दिवा सगळ्यांच्या पदरात झाकलात! कावेरीबाई तर म्हणाल्या, "आमचे श्लोक आम्हाला परत द्या. पुस्तकबिस्तक काही नको." दोघीतिघींनी माना हलवल्या. पंतांना आपलं पुस्तक गंगेच्या पुरात वाहून जाताना स्पष्ट दिसलं.

शेवटी सीताबाईंनीच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पुस्तक अडवून काय मिळणार? निवाडा सोपा आहे. श्लोक जिच्यासाठी पहिल्यांदा रचला तिचं नाव पुस्तकात जाईल. बाकीच्यांनी आपापले सात घ्यावेत आणि गप्प बसावं. आणि पहिली तर मीच. माझ्या आधी ह्यांनी कुणाचं अष्टक केलंच नाही. सांगा भावजी, माझं नाव ना?"

'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. सीताबाई खूष, बाकीच्या गप्प, हस्तलिखित वेळेत पुण्याला. पंतांनी तोंड उघडलंही. पण शब्द वेगळाच आला.

"नाही वहिनी. तुमच्याही आधी एक होती. आनंदी."

"कोण आनंदी?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तिन्ही घाटांवर आनंदी नावाची नवरी कुणालाच आठवेना. मग एकेक करून सगळ्या नजरा शरदिनीबाईंकडे वळल्या, आणि त्या नजरांत इतकी कणव होती की जणू बाईंचं सौभाग्यच कुणी हिरावलं होतं. या वयात हे ऐकायचं नशिबी आलं! वेणूनं तर हळूच त्यांचा हात धरला.

शरदिनीबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते सावकाश खाली ठेवलं.

"कुठली आनंदी?" त्यांनी विचारलं.

"बिठूरची," पंत खाली बघत म्हणाले.

बाईंच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग कानाच्या पाळ्यांपासून लाली चढत गेली आणि त्यांनी पदराचं टोक तोंडावर धरलं. सीताबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"अगं शरदिनी," त्या म्हणाल्या, "तुझं माहेर बिठूरचं ना गं?"

"हो."

"आणि माहेरचं नाव?"

बाईंनी पदराआडून काहीतरी सांगितलं. ते सांगायची गरज उरली नव्हती. माजघर हास्यानं असं दणाणलं की समोरच्या घरातली माणसं खिडकीशी आली.

मग पंतांना सगळं सांगावंच लागलं. आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्यांनीही हात राखला नाही. मुलगी बघायला बिठूरला गेले होते तेव्हा संध्याकाळ होती आणि नदीवरून वारा सुटला होता. आनंदी पदराआड दिवा धरून दारात उभी होती, आणि दिवा विझू नये म्हणून इतकी गुंग होती की बघायला आलेल्या पाहुण्यांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. पंतांनी परतीच्या वाटेवर श्लोक रचला. आयुष्यातला पहिलाच. नवऱ्यानं अंतरपाटामागून आपलंच मंगलाष्टक म्हणायचं नसतं, म्हणून तो कागद चुलते विष्णुपंतांच्या हाती दिला. चुलत्यांनी तो शेवटी, आठवा म्हणून ठेवला. गोड पदार्थ मागून वाढावा तसा. पण चुलते आळवून आळवून गाणारे. पाण्यावर सोडलेलं घटिकापात्र भरत चाललंय इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सातवा श्लोक संपला, त्यांनी आठव्यासाठी घसा खाकरला, आणि वाटी बुडाली. मुहूर्ताची घटका भरली. जोशीबुवा 'सावधान' म्हणाले, ताशे कडाडले, अक्षता पडल्या. मुहूर्त गेल्यावर मंगलाष्टक म्हणत नाहीत. कागद चुलत्यांच्या हातातच राहिला.

"आणि त्याच संध्याकाळी तबकातल्या तांदळात अंगठीनं मी हिचं नवं नाव लिहिलं," पंत म्हणाले. "कवी ना मी! आनंदी साधं वाटलं, शरदिनी कसं भारी वाटलं. म्हणजे श्लोकही राहिला आणि तो जिचा होता तिचं नावही त्याच दिवशी गेलं. कुणासाठी म्हणणार होतो? मग ठरवलं, प्रत्येक लग्नात हाच पहिला ठेवायचा. निदान वाटी तरी आड येणार नाही. तुमची कुणाची फसवणूक करायची नव्हती हो. माझ्याकडे त्याहून चांगलं काही नव्हतं, म्हणून तेच दिलं."

एवढा वेळ हसणाऱ्या बायका आता डोळे पुसत होत्या. सीताबाईंनी नाक ओढलं आणि एकदम हुकूम सोडला, "वेणू, ती शाल आण गं. भावजी, तुम्ही इकडे. शरदिनी, तू तिकडे. आणि पेटीतल्या अक्षता काढा कुणीतरी!"

"अहो वहिनी, या वयात..."

"वय शेजारी ठेवा. मुहूर्त मी सांगते. आज वाटीबिटी काही नाही!"

वेणूनं आणि कावेरीबाईंनी शालीची दोन टोकं धरून मध्ये अंतरपाट केला. अलीकडे शाईनं माखलेलं धोतर नेसलेले पंत, पलीकडे शरदिनीबाई. पंतांनी घसा साफ केला. हजार वेळा लिहिलेला श्लोक त्यांनी 'आनंदी' म्हणून सुरू केला, आणि दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज गेला. मग उरलेला श्लोक सगळ्या माजघरानं पुरा केला. या खेपेला नावांची टक्कर झाली नाही. अक्षतांचा असा पाऊस पडला की पुढे दिवाळीपर्यंत कोनाकोपऱ्यात तांदूळ निघत होते.

बायका गेल्यावर बाई केर काढताना म्हणाल्या, "एक सांगू? माझ्या ध्यानात फार पूर्वीच आलं होतं की पहिला श्लोक सगळ्यांचा एकच असतो. प्रत्येक लग्नात ऐकायचे आणि मनात म्हणायचे, या पोरींचं नशीब! आपल्या वेळी यांना असलं काही सुचलं नाही."

पंत तिच्याकडे बघतच राहिले. एवढी वर्षं ती त्या श्लोकावर जळत होती, तिच्याच श्लोकावर! तिच्या हातातली केरसुणी घेऊन त्यांनी उरलेला केर काढला, आणि तो फार वाईट काढला.

हस्तलिखित दसऱ्याच्या आधी पुण्याला गेलं. बायकांनी सगळे श्लोक दिलेच, शिवाय प्रत्येकीनं आपापल्यात एखादी सुधारणाही सुचवली. कागद जानव्याच्या सुतानं शिवले होते. मग वाट बघणं आलं. पोस्टमन गल्लीत शिरला की पंतांचं सूत तुटे, आणि पोस्टमन ओटीवरून पुढे गेला की शरदिनीबाई आत काहीतरी भांडं आपटत.

कार्तिकात उत्तर आलं. नीलकंठरावांनी मोकळेपणी लिहिलं होतं: रचना आवडल्या, काढतो. पहिला श्लोक तर सगळ्यांत सरस. एकच विनंती. मंगलाष्टकांतली नावं वाचकांच्या ओळखीची नाहीत, ती गाळून तिथे सर्वांना लागू पडेल असा शब्द घालतो. उदाहरणार्थ, पहिल्या श्लोकात 'आनंदी' ऐवजी 'कन्या ती' घातलं तर चालीत काहीच बिघडत नाही. आपली संमती कळवावी, म्हणजे छपाई सुरू करतो.

बिंदुमाधव आनंदानं उडायचाच बाकी होता. "खतम काका, झालं काम! हो म्हणून टाका."

चालीत खरंच काही बिघडत नव्हतं. हे पंतांहून जास्त कुणाला माहीत असणार? जन्मभर त्या एका जागी त्यांनी गल्लीतली यच्चयावत नावं बसवली होती. त्यांनी कार्ड घेतलं आणि लिहिलं: 'पुस्तकातलं बाकी कोणतंही नाव, कोणताही शब्द आपण बदलावा, माझी हरकत नाही. पहिल्या श्लोकातलं नाव मात्र बदलू नये. ते जमत नसेल तर हस्तलिखित परत पाठवावं.'

"काका, पुस्तक जाईल हातचं!" बिंदुमाधव कळवळून म्हणाला.

"जाऊ दे," पंत म्हणाले. पण टपालपेटीत कार्ड टाकताना त्यांचा हात आत बराच वेळ राहिला. त्यांना पुस्तक हवं होतं हो, फार हवं होतं.

मार्गशीर्षात एक पाकीट आलं. पंतांना ते उघडवेना, म्हणून शरदिनीबाईंनीच फाडलं. आत हस्तलिखित नव्हतं. छापून पाहिलेलं पहिलं पान होतं, ओल्या शाईच्या वासाचं, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'नाव ठेवलं आहे. बाकी तपासून धाडावं.'

बाईंचं वाचन पोथीपुरतं, अक्षराला अक्षर लावून. त्यांनी बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. आ. नं. दी. बोट तिथेच थांबलं. त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नाव, बिठूरच्या अंगणात हाक मारून मारून जुनं झालेलं, आणि मग एका संध्याकाळी तांदळात बुडून गेलेलं, ते काळ्या शाईत ठळक उभं होतं.

"आता हा कुणाच्या लग्नात द्यायचा नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं? छापला म्हणजे सगळ्यांचाच झाला की."

"श्लोक असू दे सगळ्यांचा," बाई म्हणाल्या. "नाव माझं आहे."

पंतांनी मान डोलावली आणि चाती हातात घेतली. माघात सीताबाईंच्या नातीचं लग्न होतं आणि तिच्यासाठी पहिला श्लोक आता नवा रचायचा होता. त्या दुपारी सूत सारखं तुटत राहिलं. दरवेळी आतून शरदिनीबाईंचं हसू ऐकू येई, आणि मग पंत ओटीवरून हाक मारत, "आनंदी, जरा पाणी आण गं!"